यकृत-पर्णकृमी रोग

शेळ्या, मेंढ्या, गायी व म्हशी यांच्या यकृतात आणि पित्तनलिकांत पानासारखे चपटे कृमी वाढून होणारा रोग. भारताच्या मैदानी भागात मुख्यतः फॅसिओला जायगँटिका (लांबी २·५ ते ७·५ सेंमी.) आढळतो, फॅसिओला हिपॅटिका (सु. ३ सेंमी.) थंड डोंगराळ प्रदेशातला. या दोन जातींच्या सीमेविषयी मतभेद आहेत. आशियातील अनेक देशांत मधल्या मापाचे कृमी मिळाले असून त्यांच्या शुक्राशयात शुक्राणू नसतात किंवा अगदी थोडे असतात. हा एकाच जातीतला फरक असावा, असे पूर्वी काहींनी मानले. जनुकांत दोन्ही जातींचे अंश सापडल्याने हे कृमी दोन जातींच्या संकरातून झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणून नुसत्या लांबीवरून जात ठरवू नये.

लेंडीतील अंडी पाण्यात फुटतात, डिंभ (कृमीची अळी) लिम्निया गोगलगायीत वाढतो आणि बाहेर पडून, जनावरे चरतात त्या गवतावर कवच धरून बसतो. पंचगंगा-भोगावती नद्यांकाठची मळी (गाळाची जमीन) आणि कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातल्यावर मागे तुंबणारे संथ पाणी या गोगलगायींना मानवते. फुगवटा ओसरला की काठावर हिरवे गवत उरते. उन्हाळ्यात कळप तिथेच वळतात, धोकाही तिथेच.

कोवळे कृमी काही आठवडे यकृत पोखरत फिरतात. लागण मोठी असेल तर मेंढी लक्षणांशिवाय अचानक दगावते आणि लेंडीत अंडे सापडत नाही, कारण अंडी पडायला तीन-चार महिने लागतात. जुन्या रोगात पापणीची आतली बाजू फिकी पडते, जबड्याखाली पाणी उतरते, वजन घटते. लेंडी मिठाच्या द्रावणात तरंगवून तपासली तर ही जड अंडी हुकतात. लेंडी साध्या पाण्यात कालवून, गाळून निवळू द्यावी व तळचा गाळ पाहावा. थेंबभर मेथिलीन ब्लू (निळा रंग) घातल्यास यकृतकृमीचे अंडे निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी पिवळे उठून दिसते. रुमेनमधील (पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) पर्णकृमींचे अंडे रंगहीन असते.

आयव्हरमेक्टिन या कृमीवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड व अल्बेंडाझोल प्रौढ कृमीच मारतात, कोवळ्यांवर ट्रायक्लाबेंडाझोल (किलो वजनास सु. १० मिग्रॅ.) लागते. अल्बेंडाझोल गाभण काळाच्या सुरुवातीला टाळावे. अंदाजाने कमी दिलेली मात्रा कृमींना औषध पचवायला शिकवते, म्हणून जनावर तोलूनच मात्रा ठरवावी. कत्तलीपूर्वी औषधाच्या वेष्टनावरील प्रतीक्षाकाल (औषध दिल्यावर थांबायचे दिवस) पाळणे आवश्यक.

मांसतपासणीत पित्तनलिका जाड व आत कृमी दिसल्यास कलेजी बाद करतात. अशी कलेजी खाल्ल्याने माणसाला रोग होत नाही. माणसाला हा रोग कवचधारी डिंभ चिकटलेल्या कच्च्या पाणवनस्पतींमधून किंवा पाण्यातून होतो.