दोन पेडलांच्या गाड्या आणि एका शब्दाचा गुंता

चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची सेडान व्हर्टस जून 2022 मध्ये 1.5 लिटर टर्बो इंजिनासह आली, तेव्हा त्या इंजिनाला फक्त सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा आपोआप गिअर बदलणारा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, मिळत होता. तेच इंजिन त्याच कंपनीच्या टायगुनमध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलवर आधीच विकले जात होते. व्हर्टसला मॅन्युअल मिळायला 2023 उजाडले. मधल्या काळात हौशी मंडळींनी ‘मॅन्युअल की ऑटोमॅटिक’ या नावाखाली जे बोलून घेतले, त्यात एक मूळची अडचण होती. डीएसजी जुन्या अर्थाने ऑटोमॅटिक नाहीच.

आज दोन पेडलांची कुठलीही गाडी सर्रास ‘ऑटो’ म्हणून खपते. पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअरच नसलेली सीव्हीटी बाजूला ठेवली तरी आत चार वेगवेगळी यंत्रे असू शकतात. पहिले टॉर्क कन्व्हर्टरचे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते आणि गिअर प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे, असतात. दुसरे एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्याचा क्लच आणि गिअरचा दांडा माणसाऐवजी हायड्रॉलिक किंवा विजेचे हात चालवतात. तिसरे आणि चौथे दुहेरी क्लचचे, एक तेलात बुडालेला आणि एक कोरडा. या दोन्हींत एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम गिअर. पुढचा गिअर आधीच पडून तयार असतो, त्यामुळे बदल होताना ओढ तुटत नाही. म्हणजे चारांपैकी तिघांत मॅन्युअलसारखाच घासणारा क्लच आहे, फक्त तो आपल्या पायाखाली नाही. एएमटीचा झटका आणि कोरड्या डीएसजीची थरथर बघून ‘ऑटोमॅटिक म्हणजे कटकट’ म्हणणारे आणि कन्व्हर्टरची सुस्ती आठवून ‘ऑटोमॅटिक म्हणजे मजा नाही’ म्हणणारे एकाच शब्दावर भांडतात. पण दोघांच्या डोळ्यांसमोर गाडी वेगळी असते.

1940 च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबाइलमध्ये चार गिअरचा हायड्रामॅटिक आला, तिथपासूनचा अमेरिकी आरामाचा इतिहास वेगवान गाड्यांच्या फारसा कामाचा नाही. कामाची नोंद 1967 ची आहे, पोर्शे 911 मधल्या स्पोर्टोमॅटिकची. त्यात दांडा होता, क्लचचे पेडल नव्हते. दांड्याला हात लागला की स्विच दाबला जाई आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमवर क्लच सुटे. हात नुसता सवयीने दांड्यावर टेकवून ठेवला तरी क्लच सुटे, ही त्याची खोड. 2020 मध्ये भारतात ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटमध्ये आलेला ‘आयएमटी’, म्हणजे क्लच पेडल नसलेला मॅन्युअल, त्याच कल्पनेचा नातू. त्यात व्हॅक्यूमच्या जागी हायड्रॉलिक्स आणि संगणक आले, इतकेच. आयएमटी 2021 च्या आय20 एन लाइनलाही लावला गेला. स्पोर्टी म्हणून विकायच्या गाडीत डावा पाय रिकामा ठेवायचा हा निर्णय दोन वर्षेच टिकला. 2023 मध्ये आयएमटी काढून सहा गिअरचा सरळ मॅन्युअल दिला गेला.

शर्यतीत चित्र फिरले ते 1989 मध्ये. स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी फॉर्म्युला वनची फेरारी त्या मोसमातली पहिलीच, ब्राझीलची, शर्यत जिंकून गेली. 1997 मध्ये फेरारीच्याच एफ355 मधून हे पॅडल रस्त्यावर आले. बीएमडब्ल्यूचा एसएमजी त्याच सुमाराचा. आजच्या भाषेत या दोन्ही एएमटीच, फक्त महाग आणि चपळ. 2001 च्या एम3 मधला दुसऱ्या पिढीचा एसएमजी 80 मिलिसेकंदांत गिअर बदलू शकत होता. इतक्या वेगाला माणसाचा हात पुरत नाही. पण गिअर बदलताना क्लच एकच, म्हणून ओढ तुटायचीच. पूर्ण रेसवर मान पुढे जाई आणि जाणकार चालक बदलाच्या क्षणी पाय किंचित सैल सोडत. खरी हालत व्हायची ती चढावर रिव्हर्स घेताना. तिथे माणूस हाफ क्लच अंदाजाने धरतो, संगणकाला तो अंदाज नसतो. प्लेट तापते, वास येतो. हायड्रॉलिक पंप बसला तर क्लचही सुटत नाही आणि गिअरही पडत नाही.

2003 मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर32 ला तेलातला दुहेरी क्लच मिळाला आणि एकेरी क्लचच्या या पंथाचे दिवस भरले. शर्यतीत हे तंत्र पोर्शेने 1980 च्या दशकात 956 आणि 962 या शर्यतीच्या गाड्यांवर घोटून घेतले होते.

त्यामुळे 2013 ची 911 जीटी3 फक्त पीडीकेवर, म्हणजे पोर्शेच्या दुहेरी क्लचवर, आली, त्यामागचे गणित समजण्यासारखे होते. ट्रॅकची गाडी, घड्याळ हाच न्याय. पण या गाडीचे गिऱ्हाईक घड्याळ बघून येत नव्हते. 2016 मध्ये फक्त मॅन्युअलवर काढलेल्या 911 आर च्या 991 गाड्या हातोहात गेल्या आणि 2017 च्या जीटी3 ला मॅन्युअल पुन्हा मिळाला. कंपनीचेच आकडे पाहा: शून्य ते शंभर पीडीकेवर 3.4 सेकंद, मॅन्युअलवर 3.9. अर्धा सेकंद गमवायला लोक आनंदाने तयार होते. 2013 चा निर्णय तंत्राच्या बाजूने बरोबर आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकलेला, असेच म्हणावे लागते.

दुहेरी क्लचचा विजयही पूर्ण नव्हता. 2017 च्या बीएमडब्ल्यू एम5 ने तो सोडून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. कन्व्हर्टर आता गाडी सुटताच लॉक होतो, त्यामुळे जुनी सुस्ती उरलेली नाही आणि जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, तो निमूट पेलतो. मॅन्युअल मात्र इथे मागे पडतो. 2021 च्या एम3 मध्ये मॅन्युअलला 480 पीएस शक्ती आणि 550 एनएम टॉर्क, तर ऑटोमॅटिकच्या कॉम्पिटिशनला 510 पीएस आणि 650 एनएम दिले गेले. एम2 मात्र भारतातही सहा गिअरच्या मॅन्युअलवर मागवता येते.

आता पुन्हा चाकणकडे. 1.5 लिटर इंजिनाचा टॉर्क 250 एनएम आणि त्यामागच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची मर्यादाही 250 एनएम. शिल्लक काही नाही. त्यात विषम गिअर एका क्लचवर, तर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. संध्याकाळी हिंजवडीहून वाकडकडे सरकताना संगणक पेट्रोल वाचवायला लगेच दुसरा गिअर टाकतो. गाडी रांगत असते आणि सम बाजूचा क्लच घसरत तापत असतो. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये थरथर सुरू झाली तर संशय आधी तिथेच घ्यावा. उपाय साधा आहे. अशा रांगेत दांडा मॅन्युअल बाजूला घेऊन पहिला गिअर धरून ठेवायचा, पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही, थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबायचा म्हणजे क्लच सुटतो. चढावर गाडी रेसवर तोलून धरायची नाही. याच गिअरबॉक्सच्या आधीच्या गाड्यांत त्यातले कृत्रिम तेल दमट उष्ण हवेत विजेचा बिघाड करू शकते म्हणून 2013 मध्ये ते जगभर बदलून खनिज तेल भरावे लागले होते.

तेलातल्या क्लचला ताप सोसतो, पण त्याला तेलाची देखभाल लागते. 2017 मध्ये इथे आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमधला सहा गिअरचा डीएसजी या जातीचा. त्याचे तेल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलायचे. पातळी मोजताना इंजिन चालू आणि तेल 35 ते 45 अंशांच्या दरम्यान हवे. नुकत्याच पळून आलेल्या तापल्या गाडीवर मोजले तर फुगलेले तेल बाहेर येते आणि गाडी कमी तेलावर घरी जाते. जुनी आरएस घेताना किलोमीटरपेक्षा आधी या कामाची पावती मागावी. तिच्याच घराण्यातली 2004 ची पहिली आरएस 1.8 टर्बो आणि पाच गिअरच्या मॅन्युअलवर होती, तिथे क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट पाहिली की काम झाले. 2025 मध्ये आयात होऊन आलेल्या गोल्फ जीटीआयला मात्र मॅन्युअल नाही. ही आवृत्ती मॅन्युअलवर जगात कुठेच निघालेली नाही.