लहान मुलाचे सपाट पाऊल आणि मोठ्या माणसाचे खचणारे पाऊल

माहुलीच्या संगमावर पाण्यात पाय बुडवून घाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या चार वर्षांच्या नातवाचा आणि पन्नाशी ओलांडलेल्या आजीचा ओला ठसा शेजारी शेजारी उमटला, तर दोन्हींत आतल्या बाजूची खोबण बुजलेली दिसू शकते. चालताना दोघांचीही पावले आत कलतात, म्हणजे ओव्हरप्रोनेशन होते, आणि मग दोघांनाही एकसारखे जाड बूट सुचवले जातात. पण दोघांची कारणे वेगळी असतात.

नातवाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधे सैल असतात आणि तळव्याची कमान, म्हणजे आतल्या बाजूचा उचललेला भाग, साधारण सहाव्या वर्षापर्यंत, कित्येकांत दहाव्या वर्षापर्यंत, आकार घेत राहते. त्याला चवड्यांवर उभे करून मागून पाहावे: टाच उचलताच कमान दिसू लागते आणि बाहेरच्या बाजूला कललेली टाच आत वळते. असे लवचिक, न दुखणारे पाऊल उपचारांविना सोडून द्यावे. बुटात घातलेल्या आधाराने कमान तयार होत नाही, पालकांचे पैसे तेवढे जातात. अपशिंग्यासारखी सैनिकांची गावे असलेल्या सातारा जिल्ह्यात सपाट पायामुळे भरती हुकण्याची धास्ती समजण्यासारखी आहे. मात्र एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, वैद्यकीय निकषांतही चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, चवड्यांवर नीट धावता येत असेल आणि पाऊल लवचिक व वेदनारहित असेल, तर उमेदवार चालतो. मूल दुखते म्हणत असेल, किंवा चवड्यांवरही कमान दिसत नसून पाऊल ताठर असेल, तर मात्र तपासणी हवी, कारण पावलातली हाडे जन्मतः एकमेकांना जुळलेली असू शकतात.

आजीची कमान पूर्वी होती आणि आता खचते आहे. पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरणारी कंडरा, जिला आपण सरसकट शीर म्हणतो, ती ही कमान तोलून धरते. ती झिजली की बहुधा आधी एकाच पायाच्या घोट्याच्या आत सूज आणि दुखणे येते, त्या पायाची चप्पल आतून झिजते आणि मागून पाहिल्यास बाहेरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त बोटे दिसतात. भिंतीला हात टेकवून त्या एकाच पायावर टाच उचलायला सांगितली, तर आजी कण्हते आणि टाच जमिनीवरच राहते. वाढलेले वजन, मधुमेह व रक्तदाब यांनी हा धोका वाढतो. इथे बुटातला आधार खरोखर उपयोगी पडतो. जोडीला टाचेशी घट्ट बसणारे बूट, घोट्याचा पट्टा, काही आठवड्यांची विश्रांती आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम लागतात. वयाचे दुखणे म्हणून वर्षे काढली, की सांधे ताठर होतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

आजीला मधुमेह असून पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असेल, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण संवेदना गेलेल्या पायावर चालत राहिल्यास आतली हाडे मोडत जातात.