५ एप्रिलचं जहाज : ‘लॉयल्टी’ची पार्श्वभूमी

खामगावच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला ‘राष्ट्रीय सागरी दिन कधी?’ विचारा, ‘५ एप्रिल’ हे उत्तर तोंडावर असतं. १९१९ साली त्या दिवशी ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं, हेही पाठ. गाईड तिथंच संपतं.

हे जहाज नवं नव्हतंच. १८९० साली इंग्लंडात बॅरोच्या गोदीत ते बांधलं गेलं, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावानं. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे, फेरी व्हँकुव्हर ते हाँगकाँग. वर पहिल्या वर्गाचे साहेबलोक, खाली स्वस्त तिकिटाचे शेकडो उतारू, आणि सोबत डाकेच्या थैल्या, चहा, रेशीम. १९०३ मध्ये त्याच्या धडकेनं एक चिनी युद्धनौकाच बुडाली. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून घेतलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे उद्योगपतींनी आपल्या नव्या जहाज कंपनीसाठी ते विकत घेतलं. कंपनीचं नावही शिंदे महाराजांवरूनच पडलं, सिंदिया, म्हणजे ‘शिंदे’चं इंग्रजी रूप. गंमत बघा, जहाज निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ होता, आणि स्वदेशी कंपनीच्या जहाजावर नाव राजनिष्ठेचं!

आपल्या खामगावाहून समुद्र रेल्वेनं पाचशेहून जास्त किलोमीटर. तरी या स्वदेशी कंपनीचं ब्रिटिश जहाज कंपन्यांशी जे भांडण होतं, ते आपल्याही मालाचं होतं. जलंब–खामगाव फाटा १८७० मध्ये कापसासाठीच टाकला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जिनात सरकी काढायची, प्रेसमध्ये रुई दाबायची, लोखंडी पट्ट्यांनी तिची गाठ, म्हणजे गठ्ठा, आवळायची. गाठ जितकी घट्ट, तितकी ती जहाजात जागा कमी खाते. म्हणून तो सगळा दाब. वॅगन मुंबईला पोचली की पुढचं समुद्रभाडं बहुतेक ब्रिटिश कंपन्यांच्या गल्ल्यात. वालचंदांना डोळ्यात सलत होतं ते हेच.

एका म्हाताऱ्या जहाजाच्या जिवावर ही लढाई जिंकणं कठीणच होतं. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. १९२३ मध्ये सिंदियाला त्यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला : सगळी जहाजं मिळून ७५ हजार टनांपर्यंतच, धंदा किनाऱ्यापुरता, उतारू न्यायचे नाहीत. ‘लॉयल्टी’ त्याच वर्षी मुंबईत भंगारात निघालं.