हौद्यातला मुक्काम: मराठवाड्यातल्या पिकअपमागचा इतिहास

समृद्धी महामार्गावर जालन्याच्या आसपास आता अधूनमधून एखादी इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स दिसते. दोन्ही मागं हौदा असलेले पिकअप. टपावर घडीचा तंबू, हौद्यावर झाकण, बाजूला पाण्याचे कॅन, मागे सरकणारे खण. व्ही-क्रॉस भारतात २०१६ साली आली, हायलक्स २०२२ साली. त्यामुळे गाडीतच संसार मांडून लांब पल्ल्याला निघणंही आपल्याकडे त्यांच्यासोबतच आलं, असा अनेकांचा समज आहे. मला तो पटत नाही. गाड्या नव्या आहेत, तंबूचं कापड नवं आहे. पण ओझं कसं लावायचं, पाणी कुठं ठेवायचं, मुक्कामाला पोचल्यावर आधी काय उतरवायचं, हे मराठवाड्यातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पोटासाठी नाहीतर देवासाठी कराव्या लागलेल्या प्रवासानं ते शिकवलं.

सगळ्यात जुना धागा लमाणांच्या तांड्याचा. सतराव्या शतकात दख्खनच्या मोहिमांमध्ये फौजांना धान्य पुरवायचे ते तांडेच. गाड्या नव्हत्या, बैलांच्या पाठीवर गोण्या असायच्या आणि बायका-पोरं, भांडीकुंडी सगळं सोबत. सुरतेहून गोवळकोंड्याला औरंगाबाद-नांदेडच्या वाटेनं गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांची नोंद करून ठेवली आहे. मुक्काम पडला की गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचायची आणि आत माणसं-जनावरं. माल हाच निवारा. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडं रेल्वे धावू लागली आणि या वाहतुकीचं उरलंसुरलं बळही गेलं.

लांबच्या मुक्कामाचं खरं शिक्षण दिलं ते बैलगाडीनं. दमणीला, म्हणजे प्रवासाच्या हलक्या बैलगाडीला, कमान असायची, कमानीवर तट्ट्या किंवा घोंगडं, आत कडब्यावर अंथरूण. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकायचं, कारण कण्याला वंगण नसलं तर चाक करकरायला लागतं आणि पुढं जळतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला लोक बैलगाड्यांनी येत आणि चार-चार दिवस गाडीच्या आसऱ्यानंच राहत. जू धोंड्यावर टेकवलं की गाडी सपाट व्हायची, वर बायका-मुलं झोपायची, खाली गडी. चूल वाऱ्याच्या आडोशाला, चाकालगत. मला या मांडणीचं फार कौतुक वाटतं. आज टपावरचा तंबू आणि खाली ओढून घ्यायचं छत यांतून जे साधायचं असतं, ते तिथं एका धोंड्यात साधलेलं होतं.

गाडी भरणं ही तर स्वतंत्र विद्या. ओझं मागं सरकलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झालं की धुरजड होते आणि बैलांचे खांदे सोलतात. जाणता गाडीवान भरलेल्या गाडीचं जू हातानं उचलून बघायचा. थोडंसं जड लागलं पाहिजे, फार नाही. हाच नियम पिकअपला जसाच्या तसा लागू आहे. मागच्या आसाच्या पलीकडं, फाळक्याजवळ वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ढिलं लागतं आणि ब्रेक मारताना गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारांची पेटी असं जड सामान केबिनच्या पाठीला चिकटून आणि खाली. अंथरूण-पांघरूण, तंबू, खुर्च्या मागं. परदेशी माहितीपत्रकांत हे आकृत्या काढून समजावलेलं असतं. आपल्याकडं ते जू उचलून समजायचं.

पिकअप ही गाडी मात्र तिकडची, तेव्हा तिकडचाही थोडा इतिहास पाहायला हवा. अमेरिकेत फोर्डनं १९२५ साली मॉडेल टीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी लोक मोटारीचा मागचा भाग कापून स्वतःच पेटी जोडून घेत. ऑस्ट्रेलियात फोर्डनं १९३४ साली जी ‘यूट’ आणली, ती एका शेतकऱ्याच्या बायकोच्या पत्रामुळं, असं सांगतात. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता येतील, अशी एकच गाडी तिला हवी होती. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाची घटना वेगळी आहे. १९३०च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्ससच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली आणि हजारो कुटुंबं जुनाट गाड्यांवर गाद्या, भांडी, कोंबड्यांची खुराडी बांधून कॅलिफोर्नियाकडं निघाली. गाडीच्या हौद्यात राहणं तिथंही आधी दुष्काळानं शिकवलं. सुट्टीत मजेसाठी हौद्यावर खोली चढवून फिरणं नंतर आलं, दुसरं महायुद्ध संपल्यावर. १९६०च्या दशकात तर अमेरिकन कंपन्या खास अशा वापरासाठी जाड कमानपाट्यांचे (स्प्रिंगांचे) ट्रक विकू लागल्या. मराठवाड्यातल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

आपल्याकडं मोटार उशिरा आली. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानं १९३२ साली २७ बसगाड्यांवर प्रवासी सेवा सुरू केली, पण खेड्यापर्यंत रस्ताच नव्हता. १९४७ साली महिंद्रानं मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९६९मध्ये मॅटाडोर आली, १९८६मध्ये टाटा ४०७, १९८८मध्ये टाटामोबाइल हा पिकअप, २००५मध्ये टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. नंतर बोलेरो पिकअपनं गावंच्या गावं व्यापली. पण गाड्यांइतकंच श्रेय १९७२च्या दुष्काळाला द्यावं लागतं. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या, मुरूम टाकणाऱ्या माणसांचा आकडा १९७३च्या मे महिन्यात राज्यभरात ५० लाखांच्या जवळ गेला होता. पाझर तलावांसोबत रस्तेही त्या कामांतून झाले. आज ज्या आडवाटेनं मजेत पिकअप घालायची, ती अनेक ठिकाणी कुणाच्या तरी आज्जीनं डोक्यावर पाट्या वाहून बांधलेली आहे. गाडी घालताना हे लक्षात असावं, असं मला मनापासून वाटतं.

दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीतून ऊसतोडीला निघणारे ट्रक आणि ट्रॅक्टर हा या इतिहासाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुखरा भाग. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पाच-सहा महिन्यांचा संसार एका ट्रॉलीत बसवायचा असतो. धान्याची पोती तळाला, त्यांवर पेटी, भांड्यांचा हारा, वळकट्या. कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि ताडपत्री बाजूला उभी बांधलेली. शेळी, कोंबड्या, कुत्रं आणि सगळ्यांच्या वर माणसं. गाडी सेंटरला काम असेल, म्हणजे ऊस बैलगाडीनं वाहायचा असेल, तर बैलही आणि तिथं पोचल्यावर टायरगाडी. यात रम्य काही नाही. असे ट्रक उलटतात, माणसं मरतात, पोरांची शाळा सुटते. हौसेच्या कॅम्पिंगशी याची बरोबरी कुणी करू नये. पण एवढ्या कमी जागेत निवारा, चूल, पाणी, झोप बसवायची अक्कल कुठं आहे, असा प्रश्न आला तर उत्तर त्या ट्रॉलीकडंच बोट दाखवतं. त्या बायकांनी बांधलेली ताडपत्री वाऱ्यात फडफडत नाही. दोर आधी कडीतून, मग फाळक्याच्या खालून आणि गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी.

दुसरी शाळा दिंडीच्या गाडीची. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाईवरून जाते. माणसं चालतात, सामान ट्रकमध्ये पुढं जातं. दिंडीचा ट्रक भरताना कुणी एकदा तरी नीट बघावं. संध्याकाळी सगळ्यात आधी लागणाऱ्या राहुट्या सकाळी सगळ्यात शेवटी चढतात. त्यांच्या आत स्वयंपाकाची भांडी आणि शेगड्या, त्यांच्या आत वळकट्या, अगदी तळाशी लोखंडी पेट्या, प्रत्येकीवर रंगानं नाव. औषधांची पेटी आणि दिवे केबिनमध्ये, हाताशी. रोज मुक्काम बदलतो, रोज पाऊस येऊ शकतो, तरी घोळ होत नाही, कारण प्रत्येक वस्तूची जागा वर्षानुवर्षं ठरलेली आहे. नवीन पिकअपवाल्यानं महागडे खण बनवून घेण्याआधी एक दिवस अशा ट्रकजवळ उभं राहावं.

आणि पाणी. यावर मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या टाक्या चढल्या. मोसंबीच्या बागा जगवायला, जनावरांना, घराला. तेव्हा ड्रायव्हरांच्या लक्षात आलेली गोष्ट प्रवासालाही लागू पडते. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त धोक्याची, कारण वळणावर पाणी हेलकावतं आणि गाडी ओढून नेतं. टँकरच्या आत ते अडवायला आडव्या पट्ट्या असतात, साध्या टाकीत नसतात. म्हणून एका मोठ्या टाकीऐवजी २० लिटरचे कॅन बरे. एक फुटला तरी बाकीचे राहतात आणि रिकामा होईल तसा बाजूला काढता येतो. लिटरला किलो हा हिशोब सरळ आहे. १०० लिटर पाणी म्हणजे हौद्यात आणखी दीड माणूस.

नव्या साहित्यात खरोखर नवीन असं काय, तर वीज. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज, दुसरी बॅटरी, टपावर सौर पॅनल. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत साधारण १,२८० वॅट-तास साठतात. बऱ्या हवेत फ्रीजला दिवसाला ४००-५०० लागतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला आणि गाडी उन्हात असली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. पॅनलला ऊन हवं आणि फ्रीजला सावली, ही अडचण इथं फार जाणवते. वायर लांब ठेवून सुटं पॅनल उन्हात आणि गाडी कडुलिंबाखाली, हा त्यावरचा उपाय. टपावरच्या तंबूचं वजन ५०-६० किलोपर्यंत जातं, ते उंचावर असतं आणि वळणावर जाणवतं. कमानपाट्यात एखादं पान वाढवून घ्यायचं तर सामान कायम गाडीत असेल तरच घ्यावं. नाहीतर रिकामी गाडी खड्ड्यांत उड्या मारते. पावसाळ्यात काळ्या मातीत तर रिकामा पिकअप जागच्या जागी फिरतो, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. शेतकरी मागं मातीची दोन-चार पोती टाकतो ते याचसाठी.

कायद्याची बाजू अलीकडंच स्पष्ट झाली आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या रचनेत हवा तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असं सांगितलं. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून नेणंही नियमात बसत नाही, मग आत गादी कितीही मऊ असो. २०२१मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा भर तयार कॅराव्हॅन आणि त्यांच्या तळांवर आहे, घरच्या पिकअपवर नाही. म्हणून हौद्याला काहीही डकवून न टाकता सुटी चौकट बनवून घेणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. गावातला वेल्डर चौकोनी पाइपची तशी चौकट करून देतो. खाली खण, वर प्लाय, हौद्याच्या मूळ कड्यांना पट्ट्यांनी आवळलेली. ऑक्टोबरात सोयाबीनची पोती मोंढ्यावर न्यायची असतात, तेव्हा दोन माणसं ती उचलून बाजूला ठेवतात आणि पिकअप पुन्हा कामाला लागतो.