फुफ्फुसातली बुरशी: पिंपरी ते नारायणगाव

आषाढात भाकरीचा तुकडा डब्यात विसरला की चार दिवसांत त्यावर हिरवट-करडी लव चढते. झाकण उघडताच जी पूड भुरभुरते, तिच्यात ॲस्परजिलस नावाची बुरशीही असू शकते. तिचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे. नाकात अडकत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. आपण सगळेच ते रोज हुंगतो. पेशवाईतल्या वाड्यांच्या ओल्या भिंतींनीही ते उदंड पुरवले असणार! धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर फडशा पाडतात.

इटलीतल्या मिकेली या धर्मगुरूने १७२९ मध्ये या बुरशीला नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती त्याला चर्चमधल्या तीर्थ शिंपडायच्या दांडीसारखी दिसली. पुढे १८४२ मध्ये बेनेट आणि १८५६ मध्ये फिर्शो या डॉक्टरांनी ती माणसाच्या फुफ्फुसात पाहिली. पण तेव्हा तो नवलाचा विषय होता, धास्तीचा नव्हे.

धास्ती आणली ती वैद्यकाच्याच प्रगतीने. १९५४ मध्ये बोस्टनला मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. स्टिरॉइड्स आली, केमोथेरपी आली. माणसं जगू लागली, पण या उपचारांनी पांढऱ्या पेशींचा पहारा ढिला पडला. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाल्याची नोंद झाली आणि एड्स जगापुढे आला. हा न्यूमोसिस्टिस मुळात बुरशी आहे, हे कळायला १९८८ उजाडलं. तोवर त्याला प्रोटोझोआत, म्हणजे अमिबासारख्या एकपेशीय जीवांत, गणत.

यात पुण्याचाही एक धागा आहे, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी, म्हणजे बुरशी वाढवून जिवाणू मारायला. तिथेच शास्त्रज्ञ तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना एका जिवाणूपासून बुरशी मारणारं औषध सापडलं. औषध हॅमायसिन, जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. लॅटिन नावात पिंपरी! हॅमायसिन मात्र मुख्यतः बाहेरून लावण्यापुरतं राहिलं. शिरेतून द्यायला जगाने अँफोटेरिसिन-बी धरलं: व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलेलं, सलाईन सुरू होताच हुडहुडी भरवणारं, मूत्रपिंडाला जड.

अँफोटेरिसिनचं नाव घरोघरी पोचलं ते मे २०२१ मध्ये. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे तथाकथित ‘काळ्या बुरशी’च्या, रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये पळत होते. कोविड, बेसुमार स्टिरॉइड्स आणि आटोक्यात नसलेली साखर यांनी मिळून घात केला. बुरशी बहुतेकांच्या नाका-डोळ्यांत शिरली, काहींच्या फुफ्फुसात. ‘काळी बुरशी’ हे नाव चुकीचंच. काळं पडतं ते मेलेलं मांस.

ॲस्परजिलसवर २००२ पासून व्होरिकोनॅझोल हे औषध पहिल्या पसंतीचं ठरत गेलं. पण याच ॲझोल कुळातली बुरशीनाशकं शेतातही फवारली जातात, आणि त्यांना सरावलेली बुरशी पुढे गोळ्यांनाही दाद देत नाही. अशी बुरशी भारतातही सापडली आहे. नारायणगावच्या द्राक्षबागेत भुरी हा बुरशीजन्य रोग दिसला की पंपात जे हेक्साकोनॅझोल पडतं, तेही याच कुळातलं.