चांदीच्या जुन्या नाण्यांवरील डाग : घासण्यापूर्वी वाचावे

लक्ष्मीपूजन झाले की सांगलीच्या सराफ कट्ट्यावरील आमच्या दुकानात राणीछाप आणि राजाछाप रुपये दाखवायला आणणाऱ्या ग्राहकांची गर्दी होते, आणि त्यातील बरीच नाणी आदल्या दिवशीच चिंचेने किंवा टूथपेस्टने लख्ख घासलेली असतात. हे पत्रक त्या आदल्या दिवसासाठी आहे.

नाण्यावरील काळेपणा हा डाग नव्हे. हवेतील गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर तयार होतो; त्यात नाण्याचीच चांदी असल्याने तो खरवडला की नाणेही झिजते. एकसारखी चढलेली काळसर-निळसर झाक संग्राहकांना हवीच असते, म्हणून तिला हात लावू नये. कुंकू, हळद, तूप किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून उतरलेला हिरवट चिकटा मात्र वरून बसलेला असतो व तो काढता येतो.

नाणे कडेने धरून ऊर्ध्वपातित पाण्यात (डिस्टिल्ड वॉटरमध्ये) तासभर ठेवावे. राणीच्या मुकुटाच्या खाचांत आणि कडेलगतच्या अक्षरांत अडकलेले कुंकू बरेचसे तिथेच सुटते. हळदीचा पिवळेपणा (आपल्या हळदीच्या पेठेत त्याची ओळख करून द्यायला नको) आणि हिरवट चिकटा पाण्याला दाद देत नाही. त्यासाठी नाणे वाळवून काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवावे. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, कारण त्यात तेल, रंग व सुगंध मिसळलेला असतो. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास निरांजन किंवा गॅस पेटलेला नसावा. शेवटी नाणे मऊ सुती कापडावर ठेवून पाणी नुसते टिपून घ्यावे, पुसू नये.

राणीच्या काळातील रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा आहे. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांत मात्र चांदी निम्मीच असून उरलेल्या भागात तांबे जास्त आहे, त्यामुळे चिंच-लिंबाची आंबटाई त्यांना अधिकच बाधते. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय काळेपणा घालवतो खरा, पण मागे जो निर्जीव पांढरेपणा राहतो तो जाणकाराच्या लगेच लक्षात येतो. तो उपाय ताट-वाट्यांसाठी राखून ठेवावा.

नाण्यांना रबरबँड लावू नये व ती लोकरी कापडात गुंडाळू नयेत. दोन्हींत गंधक असते. शंका असल्यास नाणे आहे त्या स्थितीत घेऊन यावे. नुसते पाहून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.