पडद्याची ओळख कोण सांगणार? थिन क्लायंटच्या रेझोल्यूशनची पार्श्वभूमी

जुन्या इंदुरात आमच्या एका मराठी संस्थेचं हिशेबाचं दालन आहे. कोपऱ्यात सर्व्हर, टेबलांवर सहा थिन क्लायंट, म्हणजे काम सगळं सर्व्हरवर चालवून टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक जोडून देणारी छोटी यंत्रं. सगळे त्यांना डब्या म्हणतात. जुने चौकोनी मॉनिटर थकले म्हणून सिल्व्हर मॉलमधून रुंद पडद्याचे नवे आणले आणि दुसऱ्याच दिवशी वर्गणी घेणाऱ्या काकूंनी हाक मारली. अक्षरं फुगली होती, शिरोरेषेवरचे अनुस्वार फिके पडले होते आणि ‘संध्या’ नावाची सभासद पडद्यावर ‘सध्या’ झाली होती. रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचं आडवं-उभं माप, बदलायला जावं तर खिडकी सांगत होती की दूरस्थ सत्रातून, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या कामातून, ही सेटिंग बदलता येत नाही. त्यात सहापैकी दोन डब्या मात्र अगदी स्वच्छ दिसत होत्या.

साध्या पीसीत चित्र तयार करणारं यंत्र आणि पडदा शेजारी-शेजारी असतात. थिन क्लायंटमध्ये मधे डबी येते, त्यामुळे संभाषणं दोन होतात. मॉनिटर डबीला स्वतःची ओळख देतो आणि डबी सर्व्हरला आकार कळवते. सर्व्हरला पडदा कधीच दिसत नाही. दोन्ही संभाषणांच्या रीती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी घातल्या आणि बहुतेक गोंधळ त्यांच्या सांध्यात होतो.

पहिलं संभाषण १९८७ पासूनचं. आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए हे पडद्यावर चित्र दाखवण्याचं मानक आणलं : ६४० बाय ४८०, १६ रंग आणि तीन ओळींत पंधरा पिनांची ती निळी जोडणी, जी अजून कपाटांत लोळते. त्यातल्या काही पिना मॉनिटरची जात सांगायला ठेवल्या होत्या. पण ते सांगणं म्हणजे नुसती खूण होती : ही पिन जमिनीला जोडलेली, ती मोकळी. रंगीत की कृष्णधवल एवढंच त्यातून कळायचं. पुढे कार्ड बनवणारा प्रत्येकजण आपापलं ‘सुपर व्हीजीए’ काढू लागला, तेव्हा १९८९ मध्ये व्हेसा ही संघटना स्थापन झाली आणि ८०० बाय ६०० सारख्या मापांना काही शिस्त आली.

तरीही मॉनिटर मुकाच होता. नव्वदच्या दशकात ज्यांनी लिनक्सवर एक्सफ्री८६ ही खिडक्या-चित्रं दाखवणारी प्रणाली बसवली असेल त्यांना मोडलाइन, म्हणजे पडद्याचं माप सांगणाऱ्या ओळी, आठवत असतील. मॉनिटरच्या पुस्तिकेतून आडव्या-उभ्या वारंवारितेचे आकडे शोधून हाताने लिहायचे. चूक झाली तर जुना काचेचा मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा कागदपत्रांतच असायचा. आज चुकीच्या रेझोल्यूशनला फार तर काळा पडदा मिळतो; तेव्हा हात खरोखर थरथरायचा.

१९९४ मध्ये व्हेसाने डीडीसी, म्हणजे मॉनिटरने संगणकाला माहिती देण्याची रीत, आणली आणि मॉनिटरला वाचा फुटली. जुन्या जोडणीतल्याच १२ आणि १५ या पिनांवरून मॉनिटर १२८ बाइटांची एक चिठ्ठी देऊ लागला. तिचं नाव एडिड. बनवणारा कोण, पडदा किती सेंटिमीटरांचा, कोणती मापं चालतात, सगळं त्यात. शेवटचा बाइट बेरीज तपासण्यासाठी असतो. बेरीज जुळली नाही तर चिठ्ठी खोटी धरायची. पिन ९ वरून पाच व्होल्ट देण्याचीही सोय झाली. मॉनिटर बंद असला तरी चिठ्ठी वाचता यावी, हा हेतू. ही नववी पिन लक्षात ठेवा. स्वस्त किंवा फार जुन्या केबलीत तीच नेमकी नसते.

चिठ्ठी मिळाली नाही की डबी जोखीम घेत नाही. कुठलाही मॉनिटर दाखवेल असं जुनं माप धरते, बहुधा १०२४ बाय ७६८. आमच्या नव्या मॉनिटरचं माप १३६६ बाय ७६८. म्हणजे उंची तीच, रुंदी मात्र एक-तृतीयांशाने ताणलेली. एका ठिपक्याचा अनुस्वार शेजारच्या ठिपक्यात सांडतो आणि करडा होतो. रोमन लिपीवाल्यांना ही अक्षरं नुसती जाड दिसतील; आपल्याकडे माणसाचं नाव बदलतं.

१३६६ हा आकडाच मुळात त्रासाचा. व्हीजीएच्या काळापासून आडवी मोजणी आठ-आठ ठिपक्यांच्या घरांत होते, आणि एडिडमधल्या प्रमाणित मापांच्या रकान्यातही रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते. १३६६ ला आठाने भाग जात नाही. मग मॉनिटर तपशिलाच्या वेगळ्या रकान्यात ते माप लिहितो, आणि ज्या डबीला तो रकाना वाचता येत नाही किंवा तसं चित्र काढता येत नाही, ती १३६० वा १३६८ वर थांबते.

दुसरं संभाषण नेटवर्कवरचं. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेली एक्स विंडो प्रणाली, जी एका यंत्रावरच्या कार्यक्रमाच्या खिडक्या नेटवर्कवरून दुसऱ्याच्या पडद्यावर दाखवते, १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीला पोचली आणि तिच्यावर एक्स टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा दाखवणारी यंत्रं, निघाली. तिथे गंमत अशी, की टेबलावरच्या यंत्राला ‘सर्व्हर’ म्हणतात आणि मोठ्या यंत्रावरचा कार्यक्रम ‘क्लायंट’. नवशिक्यांना हे उलटं वाटतं, पण पडद्याची सेवा देणारा तो सर्व्हर, हा हिशेब मला सरळ वाटतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या एलटीएसपी प्रकल्पाने जुन्या पीसींनाच टर्मिनल केलं. तिथे प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्याखाली, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीच्या क्रमांकाखाली, रेझोल्यूशन लिहून ठेवायची सोय होती. चालत्या सत्रात हवं ते माप सहज बदलणं एक्सच्याच २००७ च्या रँडआर १.२ या पुरवणीनंतर सोपं झालं.

विंडोजकडे एकाच सर्व्हरवर अनेकांना काम करू देणारं सिट्रिक्स कंपनीचं विनफ्रेम १९९५ मध्ये आलं, १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती. इथल्या आरडीपी या दूरस्थ पडद्याच्या प्रोटोकॉलची, म्हणजे बोलण्याच्या नियमांची, रीत अशी : जोडणी होतानाच डबी रुंदी, उंची आणि रंगांची खोली सांगते आणि सर्व्हर तेवढाच काल्पनिक पडदा उभा करतो. सत्राच्या आतून सेटिंग बदलता येत नाही ते यामुळे. आरडीपी ५ ची कमाल मर्यादा १६०० बाय १२०० होती. सत्र न तोडता माप बदलण्याची सोय २०१३ च्या आरडीपी ८.१ मध्ये आली. जुन्या डबीत जुना क्लायंट असेल, तर सर्व्हर कितीही नवा असला तरी ही सोय तिला मिळत नाही.

कधी कुणीतरी मुद्दामही माप बांधून ठेवलेलं असतं. १९२० बाय १०८० चं एक चित्र ३२ बिट रंगांत ८२,९४,४०० बाइटांचं होतं. शंभर मेगाबिटच्या तारेवरून ते न दाबता पाठवायचं तर सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग जातो. प्रोटोकॉल फक्त बदललेला भाग पाठवतात म्हणून काम चालतं, पण जुन्या स्विचांच्या काळात सर्व्हरवर घातलेली मर्यादा पुढे काढायची राहून जाते.

आमच्याकडे शोध या क्रमानेच लागला. आधी डबीच्या स्वतःच्या पडद्यावर, म्हणजे सर्व्हरला जोडण्याआधी, काय माप येतं ते पाहिलं. चार डब्यांवर तिथेच १०२४ येत होतं, म्हणजे सर्व्हर निर्दोष. नव्या मॉनिटरबरोबरच्या केबली आखूड पडल्या म्हणून या चार टेबलांवर जुन्याच ठेवल्या होत्या. वीज येता-जाता डब्या आपोआप सुरू होत, मॉनिटर मात्र काकू बटण दाबेपर्यंत बंद. नववी पिन नसलेल्या केबलीतून चिठ्ठी मिळणार कुठून? आधी मॉनिटर, मग डबी असं करून पाहिलं, तर चारपैकी तीन सुधारल्या. केबली बदलल्यावर क्रमाची कटकटही संपली.

चौथी डबी सगळ्यात जुनी. ती १३६० वर अडली आहे. पडद्याच्या दोन्ही कडांना तीन-तीन ठिपक्यांची काळी रेघ राहते. पावत्या त्याच टेबलावर फाडल्या जातात आणि अजून कुणाला ती रेघ दिसलेली नाही.